क्लिनिकल पोस्टिंग (परिचर्या शिक्षण)

क्लिनिकल पोस्टिंग म्हणजे परिचर्येच्या विद्यार्थ्यांना रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात प्रत्यक्ष रुग्णांच्या सान्निध्यात दिले जाणारे प्रशिक्षण होय. पहिली पोस्टिंग साधारणतः प्रथम वर्षात होते. अवघड उपचारपद्धती शिकवणे हा तिचा उद्देश नसतो. रुग्णाचे निरीक्षण, मूलभूत शुश्रूषा, अचूक नोंद आणि वरिष्ठांना वेळेवर माहिती देणे या सवयी लावणे हा असतो. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड यांसारख्या तालुक्यांत, जिथे मोठी रुग्णालये दूर आहेत, या सवयींना विशेष महत्त्व येते.

पार्श्वभूमी

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचर्या विद्यालय सुरू केले. रुग्णालयातील प्रत्यक्ष कामातून शिक्षण देण्याची त्यांची पद्धत पुढे जगभर रूढ झाली. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली स्थापन झालेल्या सेवासदनाने स्त्रियांच्या परिचारिका-शिक्षणास चालना दिली. भारतीय परिचर्या परिषदेची स्थापना १९४७ च्या अधिनियमान्वये झाली.

महाराष्ट्रात ए.एन.एम. (२ वर्षे), जी.एन.एम. (३ वर्षे) आणि बी.एस्सी. नर्सिंग (४ वर्षे) हे प्रमुख प्रवेशस्तरीय अभ्यासक्रम आहेत. यांपैकी बी.एस्सी. नर्सिंगची महाविद्यालये सामान्यतः नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात.

पूर्वतयारी

रुग्णालयात जाण्यापूर्वी विद्यार्थी कौशल्य प्रयोगशाळेत पुतळ्यांवर सराव करतात. शय्यारचना, अंगपुसणी, मुखस्वच्छता, रुग्णाची कूस बदलणे, तापमान व रक्तदाब मोजणे ही कामे प्रथम तेथे शिकवली जातात. हिपॅटायटिस-बी लसीच्या तीन मात्रा सामान्यतः ०, १ व ६ महिन्यांनी घ्याव्या लागत असल्याने लसीकरण लवकर सुरू करणे आवश्यक असते. गणवेश, सेकंदकाटा असलेले घड्याळ, कापलेली नखे व बांधलेले केस यांबाबतचे नियम प्रामुख्याने जंतुसंसर्ग टाळण्यासाठी व अचूक मोजणीसाठी असतात.

वॉर्डातील दिनक्रम

वॉर्डाची जबाबदारी परिसेविकेकडे असते आणि प्रत्यक्ष शुश्रूषा अधिपरिचारिका करतात. विद्यार्थ्यांवर पाठ्यनिर्देशिका देखरेख ठेवतात. बोलीभाषेत मात्र सर्वांना ‘सिस्टर’ किंवा ‘ब्रदर’ असेच संबोधले जाते. सकाळची पाळी मागील पाळीकडून रुग्णांची माहिती घेण्याने सुरू होते. त्यानंतर शय्यारचना, रुग्णांची स्वच्छता, डॉक्टरांची फेरी, औषधे देण्याचे निरीक्षण आणि नोंदी असा क्रम असतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असे प्रमाण आहे. दिलेल्या रुग्णाविषयी विद्यार्थ्याला परिचर्या आराखडा लिहावा लागतो.

नाडी, श्वसन, तापमान व रक्तदाब मोजणे हे पहिल्या पोस्टिंगमधील सर्वाधिक वेळा करावे लागणारे काम आहे. विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ व्यक्तीची नाडी मिनिटाला ६० ते १००, तर श्वसन १२ ते २० असते. श्वसन पूर्ण एक मिनिट मोजावे, आणि आपण मोजत आहोत हे रुग्णाला जाणवू देऊ नये, असे शिकवले जाते; कारण लक्ष गेल्यास श्वासाची लय बदलते. म्हणून नाडी मोजून झाल्यावरही बोटे मनगटावरच ठेवून छातीची हालचाल पाहिली जाते.

गर्दीच्या वेळी मागील नोंद पाहून तोच आकडा पुन्हा लिहिणे ही नवशिक्याची गंभीर चूक ठरते. वाढलेली श्वसनगती हे प्रकृती बिघडत असल्याचे अनेकदा पहिले लक्षण असते आणि न मोजलेला आकडा ते झाकून टाकतो. मोजणी राहिली असल्यास तसे स्पष्ट सांगणे हेच अपेक्षित वर्तन आहे.

शिरूर व दौंड तालुक्यांतील स्वरूप

शिरूर, न्हावरे व यवत येथे ग्रामीण रुग्णालये आणि दौंड येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. महाराष्ट्रात ग्रामीण रुग्णालय साधारणतः ३० खाटांचे, तर उपजिल्हा रुग्णालय ५० किंवा १०० खाटांचे असते. एकास तीन या प्रमाणाने पाहता ३० खाटा पूर्ण भरलेल्या असतानाही एका वेळी १० विद्यार्थ्यांनाच रुग्ण देता येतात. त्यामुळे अशा ठिकाणचा अनुभव मोठ्या रुग्णालयातील पोस्टिंगला पूरक असतो, पर्याय नव्हे.

रुग्णांचे स्वरूप परिसरावर अवलंबून असते. भीमा व घोड नद्यांच्या खोऱ्यातील ऊसशेतीमुळे सर्पदंश व कीटकनाशकांची विषबाधा, पुणे–अहिल्यानगर व पुणे–सोलापूर महामार्गांमुळे अपघात, तर रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे कामगारांच्या दुखापती या शक्यता लक्षात घ्याव्या लागतात. सर्पदंशाच्या रुग्णाचे रक्त स्वच्छ, कोरड्या काचनळीत २० मिनिटे न हलवता ठेवून ते गोठते का हे पाहिले जाते. प्रथम वर्षाचा विद्यार्थी येथे निरीक्षक असतो. तरीही वेळेची अचूक नोंद ठेवण्यास तो मदत करू शकतो.

अत्यवस्थ रुग्णांना बहुधा पुण्याला पाठवावे लागते. दोन्ही शहरांपासून पुणे सुमारे ६० ते ८० कि.मी. दूर आहे. हा निर्णय वेळेत होण्यासाठी वॉर्डातील नोंदी विश्वसनीय असणे अत्यावश्यक ठरते.

भाषा हाही शिक्षणाचा भाग आहे. ‘कणकण आहे’, ‘गरगरतंय’, ‘पोटात मुरडा येतोय’ अशा शब्दांत सांगितलेल्या तक्रारी विद्यार्थ्याला वैद्यकीय परिभाषेत मांडाव्या लागतात. मात्र रुग्णाचे मूळ शब्दही नोंदवणे इष्ट असते. वयानुसार आजी, काका, मावशी, ताई असे संबोधून, आपण विद्यार्थी आहोत हे सांगून आणि संमती घेऊनच स्पर्श करणे अपेक्षित असते.

सुरक्षितता व मर्यादा

हात साबण व पाण्याने ४० ते ६० सेकंद धुणे किंवा अल्कोहोलयुक्त द्रावणाने २० ते ३० सेकंद चोळणे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. ती पांढऱ्या, न छेदल्या जाणाऱ्या डब्यातच टाकावी. सुई टोचल्यास जखम न पिळता साबण व पाण्याने धुवावी आणि त्वरित कळवावे. एच.आय.व्ही. प्रतिबंधक औषधे आवश्यक असल्यास ती शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. ओरडा बसेल या भीतीने घटना लपवल्यास हा कालावधी निघून जातो.

इंजेक्शन, शिरेवाटे औषध किंवा रक्त देणे ही कामे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने देखरेखीशिवाय करू नयेत. मनुष्यबळ कमी असलेल्या ठिकाणी विद्यार्थ्यांना कर्मचारी समजून कामे सोपवली जाण्याचा धोका असतो. अशा वेळी ‘हे मला अजून शिकवलेले नाही’ असे सांगणे ही अवज्ञा नसून रुग्णसुरक्षेचा भाग मानला जातो. पहिला मृत्यू पाहणे, भोवळ येणे किंवा चुकीची भीती वाटणे हे अनुभवही सामान्य आहेत. त्यांविषयी पाठ्यनिर्देशिकेशी बोलणे उपयुक्त ठरते.

हेही पहा

परिचारिका
फ्लॉरेन्स नाइटिंगेल
रमाबाई रानडे
प्राथमिक आरोग्य केंद्र