खांदेदुखी आणि रंगीत पट्टी



दिवसभर पाठीवर फवारणीचा पंप किंवा डोक्यावर भाताचे भारे वाहिले की रात्री खांदा ठणकतो. त्यावर औषधांच्या दुकानात मिळणारी, ताणली जाणारी रंगीत चिकटपट्टी हल्ली पुष्कळ जण लावतात. तिचा उपयोग किती, हे समजून घेऊ.

१९७० च्या दशकात जपानचे केंझो कासे यांनी ही पद्धत काढली. पट्टी सुती कापडाची असते. तिच्यात औषध नसते. ती त्वचा किंचित उचलून धरते व त्यामुळे आराम पडतो, असे म्हणतात. मात्र कोक्रेन संस्थेने २०२१ साली खांद्यावरील २३ चाचण्या तपासल्या, तेव्हा तिच्या गुणाचा भक्कम पुरावा मिळाला नाही.

तरीही लावायची असल्यास प्रथम फिजिओथेरपिस्टकडून लावून घ्यावी. त्वचा स्वच्छ, कोरडी, बिनतेलाची असावी. पट्टीचे कोपरे गोल कापावेत. दोन्ही टोके न ताणता चिकटवावीत, मधला भाग बेतानेच ताणावा. तीन ते पाच दिवस ती राहते. खाज सुटल्यास हळूहळू काढून टाकावी. जखमेवर वा पुरळावर लावू नये.

पट्टी लावली म्हणून लगेच पंप उचलू नका. खांद्याला थोडी विश्रांती, मग हलका व्यायाम द्या. पडल्यावर हात वर जात नसेल, किंवा मधुमेह असून खांदा आखडत चालला असेल, तर डॉक्टरांना दाखवा. खांद्याबरोबर छातीत दाब, घाम वा धाप असेल, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. अशा वेळी ताबडतोब इस्पितळ गाठा.

शरीर ही देवाने सोपवलेली ठेव आहे. ती जपू या.