डॉक्टरकी वाटून टाकणारे आरोळे

चौंडी आणि खर्डा ही जामखेड तालुक्यातली दोन गावं इतिहासाच्या पुस्तकांमुळे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. चौंडीत १७२५ साली अहिल्याबाई जन्मल्या, खर्ड्याला १७९५ साली मराठ्यांनी निजामाला हरवलं. खुद्द जामखेडचं नाव मात्र पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा जिनिव्हातल्या आणि बाल्टिमोरमधल्या सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांना जास्त परिचयाचं आहे, याची मला खंत वाटते. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या या टोकाला एका बाजूला बीड, दुसऱ्या बाजूला धाराशिव. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची संख्या मोठी. अशा मुलखात १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य येऊन राहिलं. जनावरांच्या जुन्या, बंद पडलेल्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी काम सुरू केलं. पुढे जे घडलं त्याला ख्रिस्ती सेवाकार्य म्हणायचं की ग्रामीण समाजकार्य, असा प्रश्न काहींना पडतो. माझ्या मते ते सेवाकार्यच होतं, आणि त्याचं मोठेपण एकाच गोष्टीत आहे: आरोळ्यांनी उपचार तर दिलेच, पण उपचार करण्याचं ज्ञानही स्वतःजवळ ठेवलं नाही.

हे समजायला थोडं मागे जावं लागतं. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली अहमदनगरला आलं. त्यानंतर या जिल्ह्यात मिशनच्या शाळा, वसतिगृहं, दवाखाने उभे राहिले. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या आयुष्याचा मोठा भाग याच जिल्ह्यात गेला. तिकडे मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केलं आणि ‘मिरजेला नेऊ’ हा दक्षिण महाराष्ट्रातल्या कित्येक घरांचा शेवटचा भरवसा झाला. मिशनच्या रुग्णालयांचं ऋण महाराष्ट्रावर आहे, हे मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे. पण या सगळ्या सेवेचा साचा एक होता. रुग्णालय एका जागी उभं असायचं, रुग्ण तिथे चालत, बैलगाडीत, खाटेवरून यायचा. जो पोचू शकला नाही तो त्या सेवेच्या हिशेबातच धरला जात नव्हता.

रजनीकांत आरोळे हे १९३४ साली जन्मलेले, शिक्षक आईवडिलांचे चिरंजीव. मेबल १९३५च्या, जबलपूरच्या. त्यांचे वडील ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात नवा करार शिकवत. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात भेटले. हे कॉलेज डॉ. आयडा स्कडर यांनी घडवलेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका खाटेच्या दवाखान्यापासून वाढत गेलेलं. १९६० साली लग्न करताना या दोघांनी खेड्यातल्या उपेक्षित माणसांसाठी आयुष्य देण्याचा संकल्प केला, आणि तो शब्दशः पाळला. १९६२ पासून चार वर्षं ते नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात होते. तिथे रात्रंदिवस शस्त्रक्रिया, बाळंतपणं, जुलाबानं सुकलेली पोरं. बरं करून घरी धाडलेलं मूल काही आठवड्यांनी त्याच आजारानं पुन्हा दारात यायचं. बहुतेक दुखणी टाळता येण्याजोगी होती. पण ती टाळायची तर गावाचं पाणी, गावाचं अन्न आणि गावातल्या समजुती यांना हात घालावा लागणार होता, आणि रुग्णालयाच्या भिंतींच्या आत बसून ते होण्यासारखं नव्हतं.

दोघं पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. शेवटच्या टप्प्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. तिथे त्यांना डॉ. कार्ल टेलर हे गुरू लाभले. टेलर हिंदुस्थानात जन्मलेले, वैद्यकीय मिशनरी आईवडिलांचे पुत्र. पंजाबातल्या नारंगवाल इथे त्यांनी गावपातळीवरच्या आरोग्यसेवेवर संशोधन केलं होतं.

याच सुमाराला चर्चच्या वर्तुळातही मोठी खळबळ चालू होती. जर्मनीतल्या ट्युबिंगेन इथे १९६४ आणि १९६७ साली वैद्यकीय सेवेचा फेरविचार करायला बैठका झाल्या. चर्चचा वैद्यकीय पैसा आणि मनुष्यबळ जवळपास सगळं रुग्णालयातल्या उपचारांवर खर्च होतं आणि आजूबाजूच्या समाजाचं आरोग्य त्यानं फारसं सुधारत नाही, हे तिथे स्पष्ट मांडलं गेलं. रुग्णालयांना देणग्या देत आलेल्या भाविकांना आणि त्यात आयुष्य घातलेल्या डॉक्टरांना हे ऐकणं किती जड गेलं असेल! तरी १९६८ साली जिनिव्हात जागतिक चर्च परिषदेनं ख्रिश्चन मेडिकल कमिशन स्थापन केलं आणि नव्या वाटेनं जाऊ पाहणाऱ्यांना आधार द्यायला सुरुवात केली. जामखेडच्या कामाची दखल घेणाऱ्या आणि त्याला आधार देणाऱ्या पहिल्या संस्थांत हे कमिशन होतं. जामखेडला अपघातानं लाभलेली एक विलक्षण जोडी म्हणून पाहणं त्यामुळे अपुरं ठरतं. एका धर्मसमाजानं आपल्याच शतकभराच्या सेवेला प्रश्न विचारले, त्या मंथनाशी हे काम जोडलेलं आहे.

आरोळे जामखेडला आले ते स्थानिक पुढाऱ्यांशी बोलून, त्यांचा होकार घेऊन. तेव्हा या भागात जन्मणाऱ्या दर १,००० मुलांपैकी १७६ मुलं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. साधारण सहांत एक. तीन-चार मुलं पुरलेली आई त्या काळी गावोगाव होती आणि तिच्याकडे कुणी नवल म्हणून पाहत नव्हतं.

सुरुवातीची योजना सरळ होती. जामखेडला लहानसं रुग्णालय, आणि गावांत शिकलेल्या नर्स. ती फसली. तरण्या, परगावच्या मुलीनं खेड्यात एकटीनं राहणं तिला आणि गावालाही अवघड जात होतं. गावातल्या बायका तिच्याशी मन मोकळं करत नव्हत्या. रात्री कुणाला कळा आल्या तर आधी गावची सुईणच आठवायची. मग आरोग्यसेविका म्हणून गावातलीच बाई का नको, असा विचार पुढे आला. गावानं स्वतः निवडलेली, लेकुरवाळी, सगळ्यांच्या घरी जाऊ शकणारी. निवडून आल्या त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कित्येक दलित वस्तीतल्या होत्या, काही विधवा, काही नवऱ्यानं टाकलेल्या.

या बायकांच्या शिक्षणाबद्दल जरा सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण जामखेडचा सारा अर्थ त्यात आहे. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, मुक्काम करत. आधी प्रत्येकीनं आपल्या गावात काय झालं ते सांगायचं: कुणाला दिवस गेले, कोण बाळंत झाली, कुणाचं पोर खंगलं, कुणाला ताप हटत नाही. मग त्यातूनच एखादा विषय धरून शिकवणं. जन्मभर अमक्याची बायको आणि तमक्याची आई म्हणून वावरलेल्या बाईला चारचौघांत उभं राहून स्वतःचं नाव सांगता यावं, हाही अभ्यासाचा भाग होता. बाळंतपणात ब्लेड, दोरा, साबण, सगळं स्वच्छ. विळ्यानं नाळ कापायची नाही. बाळंतिणीचा चीक पिळून टाकायचा नाही, बाळाला पाजायचा. जुलाब होणाऱ्या पोराचं पाणी तोडायची रीत होती; तिच्या उलट, मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजत राहायचं. गोवर हा देवीचा कोप नाही. महिन्याच्या महिन्याला मुलांची वजनं करायची. वैद्यकीय महाविद्यालयात वर्षानुवर्षं घालवून मिळणाऱ्या विद्येतला खेड्याला सगळ्यांत उपयोगी पडणारा भाग इतका सोपा करता येतो, हे डॉक्टरांना माहीत असतंच. तो सोपा करून दुसऱ्याच्या हाती सोपवायची तयारी मात्र फार थोड्यांची असते, कारण त्याबरोबर डॉक्टरचा दरारा जातो. आरोळ्यांनी तो जाऊ दिला.

जातीचा प्रश्न टाळून हे काम पुढे सरकणंच शक्य नव्हतं. दलित घरातली बाई सवर्णाच्या बाळंतिणीला हात लावणार कशी? यावर व्याख्यानं देऊन काही झालं नसतं. एकेक जीव वाचत गेला तसतशी दारं उघडत गेली. पाण्याच्या बाबतीत तर आरोळ्यांनी फार विचारपूर्वक पाऊल टाकलं. गावासाठी विंधन विहीर घ्यायची तर जागा दलित वस्तीत किंवा तिच्याजवळ निघेल असं पाहिलं जाई. पाणी हवं असेल तर साऱ्या गावानं तिथे यावं. हातपंपाच्या भोवती जमणाऱ्या बायकांमुळे जुने विटाळ किती पुसले गेले हे आकड्यात सांगता येणार नाही, पण ज्या मराठी मुलखात चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तिथे पाण्याची जागा ठरवणं म्हणजे काय, हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९७२चा दुष्काळ प्रकल्पाला अगदी सुरुवातीलाच गाठून गेला. मिलो आणि सुकडी खाऊन काढलेले ते दिवस त्या पिढीला अजून आठवतात. दवाखान्यात औषध द्यायचं तर पोटात आधी अन्न हवं, हे तेव्हा निर्विवाद झालं. गावांत सामूहिक स्वयंपाकघरं चालली, लहान मुलं एका पंगतीला बसली. गावातल्या पुरुषांची शेतकरी मंडळं उभी राहिली ती पाणी आणि धान्याच्या प्रश्नावर. आरोग्याचं बोलणं त्यांच्यापर्यंत त्या वाटेनं पोचलं. मागून महिला मंडळं आली. कुष्ठरुग्णाला वेगळ्या वसाहतीत न धाडता घरीच ठेवून उपचार करायचे हे ठरलं आणि अंगावरचा बधिर चट्टा ओळखायला आरोग्यसेविका शिकल्या. ‘जयपूर फूट’ बनवणारी कार्यशाळा सुरू झाली. आरोग्याच्या प्रकल्पात विहिरी, झाडं, कर्ज, दारूबंदी कशाला, असं विचारणाऱ्याला जामखेडच्या कोणत्याही बाईनं उत्तर दिलं असतं.

आणि धर्म? मिशनचं नाव निघालं की धर्मांतराची शंका आपल्याकडे लगेच येते, आणि १९७० साली ती कमी नव्हती. जामखेडच्या आरोग्यसेविका बहुतांशी हिंदू होत्या, काही मुस्लिम. त्यांनी धर्म बदलावा हे प्रकल्पाचं काम कधीच नव्हतं. पण म्हणून आरोळ्यांची श्रद्धा खासगी, घरापुरती होती असं म्हणणंही चुकीचं. येशूनं आजाऱ्याला शिवलं, ज्याला शिवायचं नाही त्याला शिवलं, आणि आपल्या अगदी साध्या शिष्यांना तेच काम करायला गावोगाव पाठवलं. शुभवर्तमानातली ही पाठवणी आरोळ्यांनी जशीच्या तशी घेतली, असं मला वाटतं. दानात देणाऱ्याचा हात वर राहतो आणि घेणारा पुढच्या वेळी पुन्हा हात पसरतो. आरोळ्यांच्या सेवेत घेणारी बाई पुढच्या वेळी स्वतः देणारी झाली. याच जिल्ह्यात स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी पाणलोट विकासाचं जे काम उभं केलं त्यातही गावकऱ्यांनी स्वतः राबावं, स्वतः ठरवावं यावर असाच भर होता. नगर जिल्ह्याच्या दुष्काळानं दोन वेगळ्या पंथांच्या ख्रिस्ती माणसांना एकाच निष्कर्षावर आणलं, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

जामखेडची वार्ता लवकर पसरली. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ साली लोकांनी स्वतः चालवलेल्या आरोग्यसेवेच्या प्रयोगांवर एक पुस्तक काढलं, त्यात चीन, क्युबा, टांझानियाबरोबर जामखेडचं प्रकरण होतं, आरोळ्यांनीच लिहिलेलं. १९७८ साली अल्मा-आटाच्या परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ हा जाहीरनामा झाला, त्यामागच्या विचाराला ज्या प्रयोगांनी बळ दिलं त्यांत जामखेड होतं. १९७९ साली दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० साली रजनीकांत आरोळ्यांना पद्मभूषण. मेबल १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. त्यांची मुलं डॉ. शोभा आणि रवी यांनी काम पुढे चालू ठेवलं.

बालमृत्यूचा १७६चा आकडा १९९०च्या दशकापर्यंत तिशीच्या खाली आला. पण त्या काळात साऱ्या महाराष्ट्रातच बालमृत्यू कमी होत होते, मग जामखेडचं श्रेय किती? हा प्रश्न योग्य आहे आणि तो विचारला गेला. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. त्यात प्रकल्पातली गावं आणि आसपासची प्रकल्पाबाहेरची गावं यांची तुलना होती. एक महिना ते पाच वर्षं या वयातल्या मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्के कमी दिसला. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंत मात्र तसा फरक आढळला नाही. हे दुसरं वाक्य जामखेडच्या चाहत्यांनी वगळू नये. नवजात अर्भकाचा पहिला महिना ही वेगळीच लढाई आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना न्युमोनिया आणि जंतुसंसर्गावर घरी उपचार करायला शिकवून नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले, ते १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. तिथेही विद्या बाईच्याच हाती दिलेली होती, फक्त आणखी एक पायरी पुढची.

२००५ साली सरकारनं ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केलं आणि दर हजार लोकवस्तीमागे एक ‘आशा’ नेमायचं ठरवलं. त्या कल्पनेमागे देशातल्या अशा अनेक प्रयोगांची शिदोरी होती. आज महाराष्ट्राच्या गावागावांत आशाताई आहेत, आणि करोनाच्या काळात त्यांनी दारोदार जाऊन काय केलं ते आपण पाहिलं. पण सरकारनं जामखेडकडून बाई घेतली, तिचा तो आठवड्याचा मुक्काम घेतला नाही. आशाताईचा वेळ नोंदवह्या, मोबाइलवरची माहिती आणि वरून आलेली उद्दिष्टं यांत जातो. मोबदला वेळेवर मिळावा म्हणूनही त्यांना मोर्चे काढावे लागतात. तिला निरोप्या म्हणून वापरलं जातं, आणि तिच्या गावाबद्दल तिला काय दिसतं हे तिला विचारणारं कुणी नसतं. जामखेडला दर आठवड्याला पहिला प्रश्न तोच असे. आशांच्या मासिक बैठकीत निम्मा वेळ जरी त्यांनी बोलायचं आणि डॉक्टरांनी ऐकायचं असं ठरलं, तर त्यासाठी नवा निधी लागणार नाही. जामखेडच्या प्रशिक्षण केंद्रात देशोदेशीचे डॉक्टर आणि विद्यार्थी येतात, तेव्हा वर्गात त्यांना शिकवायला याच आरोग्यसेविका उभ्या राहतात. आपल्या जिल्हा परिषदांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना तिथे पाठवायला फार लांबचा प्रवासही नाही.