यादीत नसलेले पर्याय : करोल बागेतले नवे घर

दिल्लीच्या करोल बागेत जुने घर पाडून त्याच जागी नवे बांधण्याचा जो व्यवहार आज सर्रास होतो, त्याला तिथल्या बोलीत ‘कोलॅबरेशन’ म्हणतात. त्यात जमीन कुटुंबाची, पैसा आणि बांधकाम बिल्डरचे असते, आणि चार मजले उभे राहिल्यावर ठरलेल्या वाट्याप्रमाणे त्यांतला एखादा मजला, कधी वर काही रक्कम देऊन वा घेऊन, बिल्डरकडे जातो. प्रत्येक मजला म्हणजे एक स्वतंत्र घर असल्यामुळे त्याला ‘बिल्डर फ्लोअर’ हे नाव पडले. मुंबई-पुण्याकडच्या पुनर्विकासाशी हा प्रकार मिळताजुळता दिसला तरी येथे सोसायटी नसते, सर्वसाधारण सभा नसते. एका कुटुंबाला एका बिल्डरसमोर बसून पायापासून नळाच्या तोटीपर्यंत सारे ठरवावे लागते. जे ठरते त्याची ‘स्पेसिफिकेशन’ नावाची यादी कराराला जोडली जाते. तीत फरशी कोणती, दारे कोणत्या लाकडाची, स्वयंपाकघराचा ओटा कशाचा, नळ कोणत्या कंपनीचे हे तपशिलाने लिहिलेले असते, आणि त्याहून भारी वस्तू हवी असल्यास फरकाची रक्कम भरून ‘अपग्रेड’ घेता येते. या यादीचा दोष तिच्यात जे असते त्यात नाही. ज्याची किंमत दुकानात विचारता येते तेवढेच तीत येते, आणि घराचे सुखदुःख ज्यांवर ठरते ते निर्णय बहुतांशी तिच्याबाहेर राहतात, असे बारकाईने पाहिल्यास आढळते.

या वस्तीची घडणच दाटीची आहे. १९११ मध्ये राजधानी दिल्लीस नेण्याची घोषणा झाल्यानंतर नव्या शहराच्या बांधणीसाठी माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाजार अशा वस्त्या उठवल्या गेल्या आणि तेथील अनेक रहिवासी करोल बाग परिसरात आले. १९४७ नंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी उरलेली जागा भरून काढली. पुढे बिडनपुरा, रैगरपुरा या भागांत सोन्याचांदीची बाजारपेठ वाढली. या धंद्यातील सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचे, म्हणजे ‘गलाई’चे, काम करणारी सांगली-साताऱ्याकडील खानापूर, आटपाडी, खटाव तालुक्यांतील कुटुंबे देशभरच्या सराफबाजारांत पसरली, तशी ती दिल्लीतही स्थिरावली. भिंतीला भिंत लागून असलेले अरुंद भूखंड, पुढे गल्ली आणि बहुधा मागेही दुसऱ्याचे घर, हा येथील नव्या घराचा आराखडा कागदावर येण्याआधीच ठरलेला भाग होय.

दिल्लीत जमीन ‘गजा’त, म्हणजे चौरस यार्डात, मोजतात. एक गज म्हणजे ९ चौरस फूट, आणि महाराष्ट्रातला एक गुंठा म्हणजे बरोबर १२१ गज किंवा सुमारे १०१ चौरस मीटर. हे गणित केवळ कुतूहलाचे नाही, कारण दिल्लीच्या बांधकाम नियमांतील एक महत्त्वाची रेषा १०० चौरस मीटरवर आहे. त्या आकाराच्या व त्याहून मोठ्या भूखंडावर नव्याने बांधताना तळाशी खांबांवरची मोकळी वाहनतळाची जागा, म्हणजे ‘स्टिल्ट’, ठेवणे बंधनकारक आहे, आणि स्टिल्ट असल्यास इमारतीला १७.५ मीटर, नसल्यास १५ मीटर उंची मिळते. महाराष्ट्रात ज्याला एफएसआय किंवा चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात, त्याला दिल्लीत ‘एफएआर’ म्हणतात आणि तो शेकड्यात सांगतात; ३५० एफएआर म्हणजे भूखंडाच्या साडेतीन पट बांधकाम. दिल्लीच्या २०२१ च्या बृहद् आराखड्यानुसार ५० ते १०० चौरस मीटरच्या सर्वसाधारण निवासी भूखंडावर ९० टक्के जमीन झाकता येते आणि ३५० एफएआर मिळतो. १०० ते २५० चौरस मीटरसाठी हे आकडे ७५ टक्के आणि ३०० असे आहेत. करोल बाग त्या आराखड्यात ‘विशेष क्षेत्र’ म्हणून नोंदलेली असल्यामुळे प्रत्यक्ष भूखंडाला लागू होणारे नियम महापालिकेकडून तपासून घ्यावे लागतात. तरी तर्क समजण्यास हे आकडे पुरेसे आहेत.

शंभर गजांचा, म्हणजे ८३.६ चौरस मीटरचा, भूखंड घ्यावा. चार मजल्यांत साडेतीन पट क्षेत्र पूर्ण वापरायचे तर प्रत्येक मजल्यावर साडेसत्याऐंशी टक्के जमीन झाकावी लागते आणि आभाळाखाली उरते ती सुमारे १० चौरस मीटर, म्हणजे ११२ चौरस फूट जागा, जीतून पुढच्या खोल्या सोडून साऱ्या घराला उजेड आणि वारा मिळायचा असतो. तेच कुटुंबाने ८० टक्क्यांवर थांबायचे ठरवले, तर मोकळी जागा १८० चौरस फुटांवर जाते आणि त्यासाठी प्रत्येक मजल्यावर सुमारे ६७ चौरस फूट, म्हणजे एका लहानशा खोलीइतके क्षेत्र, सोडावे लागते. उजेडाचा चौक मोठा करणे हा येथील सर्वांत महाग आणि सर्वांत मोलाचा पर्याय आहे, आणि तो एकाही स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेला नसतो. बिल्डरच्या दृष्टीने ते विकता येणारे क्षेत्र बुडणे असते. कुटुंबाच्या दृष्टीने मधल्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागणार की नाही, याचा तो कायमचा निकाल असतो. शिवाय अरुंद चौकात चारही मजल्यांच्या वातानुकूलन यंत्रांचे बाहेरचे भाग टांगले गेले की तो धुराड्यासारखा तापतो, आणि स्नानगृहाच्या झरोक्यातून उन्हाळ्यात वाऱ्याऐवजी शेजाऱ्याच्या खोलीतली काढून टाकलेली उष्णता आत येते. ही यंत्रे गच्चीवर किंवा रस्त्याच्या बाजूला नेण्याची सोय नकाशातच करावी लागते.

उन्हाचा विचारही असाच मोजून करता येतो. दिल्लीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि जानेवारीच्या रात्री तो ४-५ अंशांवर उतरतो, म्हणून खिडकीने उन्हाळ्यात ऊन अडवावे आणि हिवाळ्यात आत घ्यावे अशी दुहेरी अपेक्षा असते. दक्षिणेच्या खिडकीला हे जमते. साडेअठ्ठावीस अंश अक्षांशावर २१ जूनच्या माध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर, क्षितिजापासून सुमारे ८५ अंशांवर असतो आणि २१ डिसेंबरला तो ३८ अंशांपर्यंतच चढतो; त्यामुळे खिडकीच्या माथ्यावर ६० सेंटिमीटरचा छज्जा काढला, तर मार्च-सप्टेंबरच्या दुपारी त्याची सावली सुमारे १.१ मीटर खाली पडते आणि डिसेंबरात जेमतेम ४७ सेंटिमीटर, म्हणजे बाकीच्या काचेतून ऊन आत येते. पश्चिमेच्या खिडकीला छज्जा निरुपयोगी ठरतो, कारण उतरते ऊन समोरून येते; तेथे उभी जाळी, बाहेरून पडदा किंवा खिडकीच लहान करणे हे उपाय उरतात. अर्थात जोडभिंतींच्या भूखंडावर दिशा रस्ता ठरवतो. वास्तुशास्त्राच्या सल्लागाराने सुचवलेले कोपरेही अशा जागी बहुधा शेजाऱ्याच्या भिंतीत गेलेले असतात.

सांगाड्याविषयी पर्याय नसतो, असे मानले जाते, आणि एका अर्थाने ते बरोबरच आहे, कारण तो कायद्याचा व शास्त्राचा विषय आहे. परंतु येथेच देखरेखीची गरज सर्वाधिक असते. आयएस १८९३ या भूकंपविषयक मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत दिल्ली चौथ्या विभागात आहे, मुंबई-पुणे तिसऱ्यात. स्टिल्टच्या मजल्यावर भिंती नसल्यामुळे तो वरच्या मजल्यांपेक्षा लवचीक राहतो, धक्क्यात सारे डोलणे तेथेच एकवटते, आणि अशा मजल्याला अभियंते ‘मऊ मजला’ म्हणतात. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत स्टिल्टवरच्या कित्येक इमारती कोसळल्या, त्यामागे हे एक प्रमुख कारण होते. स्टिल्टच्या मजल्यावर खांब भक्कम ठेवणे किंवा जिन्याच्या-लिफ्टच्या बाजूने काँक्रीटच्या भिंती उभारणे हा रचनाकाराचा निर्णय असतो. पण खांबाच्या उभ्या सळ्यांना बांधणाऱ्या रिंगांची टोके ९० अंशांत वळवून सोडलेली नाहीत, १३५ अंशांत आत वळवलेली आहेत आणि खांब-तुळईच्या सांध्याजवळ रिंगा दाट आहेत, एवढे कोणताही घरमालक काँक्रीट ओतण्यापूर्वी डोळ्यांनी पाहू शकतो. आयएस १३९२० हे मानक नेमके हेच सांगते. सळईवर ‘५०० डी’ असे लिहिलेले असते, त्यातला ‘डी’ म्हणजे तुटण्याआधी ताणले जाण्याची अधिक क्षमता. या दक्षतेचा खर्च आयात केलेल्या एखाद्या झुंबरापेक्षा कमी असतो. शेजारच्या जुन्या घरांचाही विचार करावा लागतो: १८ सप्टेंबर २०२४ रोजी करोल बागेतल्या बापानगरात एक जुने घर कोसळून चौघांचा जीव गेला. दाट वस्तीत एका भूखंडावर खोदताना शेजारच्या जुन्या पायाला आधार देणे हेही म्हणूनच करारात लिहिण्याजोगे काम आहे.

भिंतीत आणि स्लॅबमध्ये जे गाडले जाते त्याचा क्रम त्यानंतर येतो. विजेच्या नळ्या स्लॅब भरण्यापूर्वी टाकाव्या लागतात, म्हणून दिव्यांच्या, पंख्यांच्या, वातानुकूलनाच्या जागा फरशी निवडण्याच्या कितीतरी आधी ठरलेल्या असाव्या लागतात. नंतर सुचलेल्या बदलासाठी प्लास्टर झालेली भिंत खोदणे महाग असते आणि तुळईला भोक पाडणे धोक्याचे. गच्चीवर पुढेमागे सौर पॅनेल बसवायचे असल्यास तेथपासून मीटरपर्यंत रिकामी नळी, आणि लिफ्ट आज घ्यायची नसली तरी तिचा खड्डा व पोकळी, एवढे ठेवणे आजच्या दराने किरकोळ खर्चाचे असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांचे केंद्रीय अनुदान आहे, पण चार मजल्यांच्या इमारतीत गच्ची कोणाची हे ठरलेले नसेल तर अनुदान असूनही संच बसत नाही.

गच्चीचा प्रश्न दिल्लीत ‘टेरेस राइट्स’ या नावाने ओळखला जातो आणि कुटुंबाने कोणता मजला स्वतःकडे ठेवावा, या निर्णयाशी तो बांधलेला आहे. वरच्या मजल्याला उजेड, वारा आणि गच्ची मिळते, त्याबरोबर तापलेले छत आणि गळतीही मिळते. उत्तरेत छतावर मातीचा थर दाबून त्यावर विटांच्या फरश्या बसवण्याची ‘मड फस्का’ नावाची जुनी पद्धत होती, महाराष्ट्रात विटांच्या तुकड्यांचा ‘ब्रिकबॅट कोबा’ करतात. दोन्ही उतार देतात आणि थोडीफार उष्णता अडवतात. आज त्यांच्या जोडीला उष्णतारोधक फळ्यांचा थर आणि वर पांढरी परावर्तक फरशी घालता येते. छताचा हा थर सर्वांच्या खर्चातून की वरच्याच्या, हे आधी लिहून ठेवले नाही, तर पहिल्या पावसाळ्यात भावाभावांत त्यावरून वाद होतो. दिल्लीत वर्षाला सरासरी ७७५ मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे १०० चौरस मीटर छतावरचे, वाया जाणारे वजा जाता, सुमारे साठ हजार लिटर पाणी धरता येते. १०० चौरस मीटरच्या व त्याहून मोठ्या भूखंडांना पर्जन्यजल संचय सक्तीचाही आहे.

उरतात ती यादीतली कलमे, आणि त्यांत समजून घेण्यासारखा शब्द एकच, ‘बेसिक रेट’. करारात फरशीचा बेसिक रेट ५० रुपये चौरस फूट लिहिला असेल आणि कुटुंबाने ९० रुपयांची निवडली, तर १,२०० चौरस फुटांचा फरक ४८,००० रुपये होतो. परंतु तुकडे पडून वाया जाणारा माल, भिंतीच्या पायथ्याची पट्टी आणि मोठ्या फरशीची जादा मजुरी कोणी द्यायची हे लिहिलेले नसल्यास बिल वाढत जाते. उलट, स्वस्त वस्तू निवडली तर वजावट मिळणार का, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. मालाच्या गुणांबाबत दिखाव्यापेक्षा रसायन उपयोगी पडते: मकराण्याचा संगमरवर मुळात चुनखडीचा असल्यामुळे लिंबू, चिंच, आमसूल सांडले की त्यावर डाग कोरला जातो, ग्रॅनाइटला ते होत नाही, म्हणून मराठी स्वयंपाकाच्या ओट्यावर संगमरवर टिकत नाही. भांडी घासण्यासाठी व कपड्यांसाठी मोरी किंवा ‘ड्राय बाल्कनी’ हवी असल्यास तिचा उतार आणि निचरा आधीच सांगावा लागतो, कारण दिल्लीच्या नेहमीच्या आराखड्यात ती गृहीत नसते.

सजावटीच्या एका प्रकाराविषयी मात्र सावध राहावेच लागते. फेब्रुवारी २०१९ मध्ये करोल बागेतल्या गुरुद्वारा रोडवरील एका हॉटेलाला लागलेल्या आगीत १७ जणांचा मृत्यू झाला, आणि मार्गिकांतल्या लाकडी पॅनलिंगमुळे आग पसरल्याचे तेव्हा समोर आले. चार मजल्यांना एकच जिना असलेल्या घरात जिन्याच्या भिंती लाकडाने मढवणे, किंवा त्याच जिन्याखाली साऱ्या घराचे विजेचे मीटर कोंबणे, या गोष्टी परवडणाऱ्या नाहीत.

कायद्याचा आधारही येथे मर्यादित असतो. स्थावर संपदा कायद्यानुसार म्हणजे ‘रेरा’नुसार, बांधकामातील दोष पाच वर्षांत आढळल्यास तो विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी विकासकावर आहे, पण ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसलेला भूखंड आणि आठपेक्षा अधिक नसलेली घरे अशा प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. करोल बागेतला शंभर-दोनशे गजांचा चार मजली व्यवहार बहुधा त्या उंबऱ्याच्या आतच राहतो, म्हणून दोषदुरुस्तीची मुदत आणि भिंती बंद होण्याआधी नळ्या-तारांची छायाचित्रे व अंतिम नकाशे देण्याची अट करारातच घालून घ्यावी लागते.

दिल्लीत स्थिरावलेल्या गलाईच्या कुटुंबांपैकी एखाद्याने पुढे खानापूर तालुक्यात विट्याकडे, आपल्या गावी बंगला बांधायला घेतला, तर दिल्लीतली यादी तेथे जवळपास उलटी होते. चारही बाजू मोकळ्या असतात, उजेडाचा चौक लागत नाही. स्टिल्टही लागत नाही. खर्च जातो तो काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्याखालून मुरुमापर्यंत पाया नेण्यात आणि अवर्षणप्रवण भागात पावसाळ्याचे पाणी साठवणारी टाकी अंगणाखाली बांधण्यात. फरशी निवडायला तेथेही सारे घर जमते, आणि पायाचा खड्डा किती खोल गेला हे पाहायला बहुधा एकटा गवंडीच उभा असतो.