वलिम्याचा केक: घरी भाजा, हॉलवर जोडा

वलिमा, अकिक्याचे मोठे केक आता अनेक भगिनी घरीच करून चार पैसे कमावतात. केक ओव्हनमधून छान निघतो. मोडतो तो रस्त्यात. म्हणून तो सुटा न्यावा.

लहान ओव्हन असेल तर दोन चौकोनी केक भाजून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. गार केकच्या कडा सरळ कापल्या जातात. कडांना बटरक्रीम लावून दोन्ही एकाच जाड बोर्डावर जोडा. सांधा आयसिंगखाली झाकला जातो.

मजल्यांचा केक असेल तर प्रत्येक मजल्याखाली वेगळा पुठ्ठा हवा. खालच्या केकमध्ये त्याच्याच उंचीच्या चार-पाच जाड स्ट्रॉ रोवा. वरचे वजन त्या पेलतात.

मजले वेगवेगळ्या खोक्यांत ठेवा. मांडीवर किंवा सीटवर नको, सीट उतरती असते. सपाट डिकीत न घसरणारी रबरी चटई अंथरा. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळते, म्हणून उन्हाळ्यात गाडी आधीच गार करा. फुले-मोती हॉलवरच लावा. डागडुजीसाठी थोडे क्रीम सोबत असू द्या.

सजावटीतले जिलेटिन हलाल आहे ना, हे पाकिटावर पाहा. जेलीसाठी चायना ग्रास चालते. पोहोचवण्याचे भाडे ऑर्डर घेतानाच ठरवा. मग इन्शाअल्लाह केकही शाबूत राहील आणि मेहनतीची कमाईही.