पक्षाघात, मणका आणि स्कॅन

एकाएकी तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, जीभ अडखळली, की आपल्यातील काही घरांत आजही आधी अंगारा लावला जातो. हा बहुधा पक्षाघात असतो. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा रक्तवाहिनी फुटते. दोन्हींचे उपचार परस्परविरुद्ध आहेत. हा फरक बाहेरून कळत नाही, सी. टी. स्कॅन तो काही मिनिटांत दाखवतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून औंधहून सातारा वा मिरज गाठण्यास आपण क्षणाचाही विलंब करू नये.

मानेच्या व कंबरेच्या मणक्यातील सरकलेली गादी, दबलेली नस एम. आर. आय.मध्ये स्पष्ट दिसते. त्यात क्ष-किरण नसून प्रबळ चुंबक असतो. पेसमेकर किंवा शरीरात धातू असल्यास आधी सांगावे.

कालाम सुत्तात तथागतांनी ऐकीव गोष्ट पारखून घ्यायला सांगितले. आजारातही आपण तेच आचरणात आणू या.