मासेमारांचा पावसाळी पोशाख : स्वस्त कोणता आणि महाग कोणता?

रोहिणी सरत आली की आपल्या पेठेत रेनकोटच्या गठड्या सुटतात. दुकानाच्या दारात दोरीवर निळे-काळे कोट लटकू लागतात आणि गिऱ्हाईक एकच सवाल करते, "सगळ्यात स्वस्त कोणता?" शाळकरी पोरासाठी किंवा सायकलीवरून बाजारात जाणाऱ्यासाठी हा सवाल ठीक आहे. पण अचलपूर-परतवाड्याच्या दुकानदाराकडे आणखी एक गिऱ्हाईक येते. वझ्झरचे सापन धरण, चंद्रभागा, अंजनगावकडचे शहानूर, मोर्शीजवळ सिंभोऱ्याचा ऊर्ध्व वर्धा प्रकल्प, या पाण्यावर जाळे टाकून पोट भरणारे भोई बांधव. सायकलवाल्याला दिलेलाच कोट आपण त्यांच्याही हातात ठेवतो. दोघांचे काम मात्र अगदी वेगळे आहे.

सायकलवाल्यावर पाणी वरून पडते. मासेमारावर ते वरून पडते, जाळ्यातून अंगावर येते, हात वर केला की मनगटातून कोपरापर्यंत उतरते आणि बसल्या जागी खालूनही लागते. शिवाय त्याचा कोट दिवसभर नावेच्या फळीवर, दोरीवर, माशाच्या काट्यावर घासला जातो. आणि सर्वात मोठी गोष्ट, तो कोणत्याही क्षणी पाण्यात पडू शकतो. म्हणून त्याचा पोशाख निवडताना पाणी अडते का, एवढे पाहून भागत नाही. पाण्यात पडल्यावर हातपाय मोकळे राहतील का, हेही पाहावे लागते.

आधी कापडाचा विचार करू, कारण तो आपला धंदा आहे. बाजारात ढोबळमानाने तीन प्रकारचा माल मिळतो. पहिला नुसत्या प्लास्टिकचा. त्यात कापड नसतेच. घडीवर चिरतो, काट्याला लागला की फाटतच जातो. मासेमाराला तो विकूच नये. दुसरा नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या पातळ कापडावर आतून पॉलियुरेथेनचा लेप दिलेला. वजनाला हलका, घडी लहान, दिसायला देखणा. परंतु हा लेप दमट उष्णतेत खराब होतो. ओला कोट घडी करून पेटीत टाकला तर पुढच्या मृगात आतून पापुद्रे निघतात आणि गिऱ्हाईक आपल्या नावाने बोटे मोडते. तिसरा म्हणजे कापडाच्या अस्तरावर पीव्हीसीचा जाड थर बसवलेला माल. जड आहे, आत घाम येतो, पण घासणे सोसतो, पाण्याने धुतला की साफ होतो आणि फाटला तर ठिगळ चिकटवता येते. जाळे ओढणाऱ्यासाठी माझी पसंती यालाच आहे. मात्र डिझेल आणि माशाचे तेल लागून साधे पीव्हीसी हळूहळू ताठ होते, तेव्हा रोज धुण्याची ताकीद विकतानाच द्यावी.

घाम बाहेर सोडणारे महागडे कापडही आता मिळते. डोंगर चढणाऱ्यांना ते मानवते. चिखल आणि माशाचा चिकटा लागला की त्याचा तो गुण कमी होतो, मग एवढे पैसे कशासाठी?

माल घेताना व्यापाऱ्याने घाऊकवाल्याच्या बोलण्यावर जाऊ नये. कापडाचा तुकडा लोट्याच्या तोंडावर खळगा ठेवून बांधावा, त्यात पाणी ओतावे, थोड्या वेळाने अंगठ्याने दाबून खालची बाजू पाहावी. कोट उन्हाकडे धरावा, लेप कुठे विरळ असेल तर उजेड वेगळा दिसतो. आतल्या बाजूस नखाने खरवडून पाहावे. आणि कोट उलटा करून शिवण तपासावी. शिवणीवर पट्टी चिकटवलेली नसेल तर कापड कितीही उत्तम असो, कोट गळणार. हवी तर शिवणीला तोंड लावून जोराने फुंकर मारा, पलीकडे ओठभर हवा लागली तर उत्तर मिळाले.

शिवणीचे हे दुखणे फार जुने आहे. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ साली दोन कापडांमध्ये रबराचा थर देऊन जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. कापड पक्के होते, पण दर्ज्यांनी सुईने टोचून ते शिवले आणि त्या छिद्रांतून पाणी आत येऊ लागले. अखेर कंपनीला कपडेही स्वतःच तयार करावे लागले. पुढे १८७७ मध्ये नॉर्वेत हेली हॅन्सन नावाच्या जहाजाच्या कप्तानाने जवसाचे तेल पाजलेल्या कापडाचे कोट खलाशांसाठी काढले. आपल्या मुलखात सुरेंद्र मोहन बोस यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात बंगाल वॉटरप्रूफचा कारखाना काढला, 'डकबॅक' हे नाव त्यातूनच घरोघरी गेले. त्याआधी आपला शेतकरी आणि भोई घोंगडीवर किंवा पोत्याच्या खोळीवर पाऊस काढीत असे. घोंगडीची एक खुबी मात्र अजून कोणत्या प्लास्टिकला आली नाही. लोकर भिजली तरी ऊब देते. सुती कपडा भिजला की अंग गार पाडतो. कापसाच्या मुलखातला कापडवाला असूनही हे सांगतो की रेनकोटच्या आत सुती बनियनपेक्षा लोकरीचा किंवा टेरिकॉटचा जुना कपडा बरा.

आता बेताचा प्रश्न. गुडघ्याखाली लोंबणारा लांब कोट नावेत नको. तो जाळ्यात अडकतो, पाण्यात पायांना गुंडाळला जातो. पंखासारखा उघडा पोंचो तर मुळीच नको. कमरेपर्यंतचे जाकीट आणि वेगळी पँट हाच बेत योग्य. जाळ्यावर वाकून काम असेल तर छातीपर्यंतची पँट पोट कोरडे ठेवते, पण तिचे पट्टे एका झटक्यात सुटणाऱ्या चापाचे असावेत. मनगटाशी आत इलॅस्टिकची दुसरी बाही हवी. चेन प्लास्टिकची आणि तिच्यावर झाकपट्टी. टोपी अशी की मान वळवली तर ती बरोबर वळेल, नाहीतर बाजूचे दिसत नाही. रंग पिवळा किंवा नारिंगी. काळा-निळा कोट मळत नाही म्हणून खपतो, पण गढूळ पाण्यात पडलेला माणूस त्या रंगात दिसत नाही.

गमबूट काठावरच्या चिखलात चांगले. नावेत, थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा हवा भरलेल्या ट्यूबवर ते घालू नयेत. आत पाणी भरले की पाय हलवणे आणि वर चढणे दोन्ही जड होते. आणि जीवरक्षक जाकीट कोटाच्या वरून घालायचे, आतून नाही. म्हणून कोट विकताना जीवरक्षक जाकिटाची गोष्ट काढावीच. १४ सप्टेंबर २०२१ रोजी आपल्याच जिल्ह्यात, वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. ती मंडळी मासेमारीला निघालेली नव्हती, पण भरल्या नदीने ते पाहिले नाही. विजेचेही सांगून ठेवावे. रबरी बूट किंवा प्लास्टिकचा कोट विजेपासून वाचवत नाही. गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर यायचे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप मोबाईलवर मोफत मिळते, ते पोराबाळांकडून टाकून घ्यायला सांगावे.

भावाचा हिशेब असा मांडावा. समजा एक कोट ३०० रुपयांचा आहे आणि एका पावसाळ्यात संपतो. दुसरा ८०० रुपयांचा आहे आणि चार पावसाळे चालतो. पहिल्याचे चार वर्षांत १२०० होतात. गरीब माणसाला हा हिशेब कळत नाही असे नाही, त्याच्या हातात जूनमध्ये ८०० रुपये नसतात. इथे दुकानदाराचे काम आहे. धरणांवरील मासेमारी बहुधा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांच्या नावाने चालते. एप्रिलमध्येच संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना भेटून वीस-तीस जोडांची एकत्र मागणी घ्यावी, घाऊक भावाचा फायदा त्यांना द्यावा आणि रक्कम दोन-तीन हप्त्यांत, वरचा एक पैसा न लावता, वसूल करावी. संस्थेमार्फत वसुली होते, आपला माल अडकत नाही आणि दारात लटकवलेला निळा कोट विकण्याची गरज राहत नाही.

कारीगर बंधूंसाठी यात वेगळीच रोजी आहे. रेक्झिनच्या सीट आणि ताडपत्री शिवणारे हात अचलपुरात आणि परतवाड्यात आहेत. त्यांनी पीव्हीसी कापडावर जाकीट-पँट शिवून पाहावी. खांद्यावर शिवण घेऊ नये, बाही गळ्यापासूनच कापावी, कारण पावसाचा मारा खांद्यावर असतो. शिवणीचा वरचा पदर कौलासारखा खालच्यावर यावा म्हणजे पाणी ओघळून जाईल. टाका लांब घ्यावा, इंचाला सहा-आठ पुरे. जवळजवळ टाके घातले तर कापड तिकिटासारखे फाटते. टाचण्या लावू नयेत, चिमटे लावावेत. धागा पॉलिस्टरचा घ्यावा, सुती कुजतो. आतून त्याच कापडाची पट्टी पीव्हीसीच्या सोल्युशनने चिकटवून एक रात्र दाबाखाली ठेवावी. सोल्युशनचे काम दारे-खिडक्या उघड्या ठेवून करावे आणि जवळ विडी पेटवू नये. कोपर, गुडघा आणि बैठकीला दुहेरी ठिगळ आधीच द्यावे. माप अंगावरच्या कपड्यांवरून आणि हात पूर्ण वर करून घ्यावे, नाहीतर जाळे फेकताना काखेत उसवणार.

दुरुस्तीचे कामही कमी नाही. श्रावण-भादव्यात चेन बदलणे, ठिगळ, सुटलेली पट्टी, हे सगळे येते. गिऱ्हाइकाला सांगावे की घरी आल्यावर कोट साध्या पाण्याने धुवून सावलीत टांगावा. चुलीजवळ नको, कडक उन्हात नको, आणि जमिनीवर तर नकोच, कारण माशाच्या वासाने उंदीर आधी तोच कुरतडतात.