राजारामपुरीत घडलेल्या संदर्भसूच्या

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं आणि राजारामपुरीला नवा शेजार मिळाला. सायबर चौक ओलांडला की विद्यापीठाचा रस्ता लागतो. त्यामुळे टायपिंग, झेरॉक्स आणि बाइंडिंग करणारी दुकानं राजारामपुरीच्या गल्ल्यांत वाढणं ओघानंच आलं. विद्यापीठातल्या संशोधनाला प्रबंधाचं किंवा पेपरचं रूप बहुतेकदा इथंच मिळालं. या कामात सर्वांत जास्त वेळ खाणारा भाग म्हणजे शेवटची संदर्भसूची. गेल्या चार दशकांत ती करण्याची पद्धत पार बदलली. काय सोपं झालं आणि काय अजून आपल्याच अंगावर आहे, हे एकदा तपासून पाहायला हवं.

टाइपरायटरच्या काळात संदर्भ कार्डांवर टिपले जात. लेखक, नियतकालिक, खंड, वर्ष, पान, सगळं हातानं. मूळ लेख विद्यापीठाच्या ग्रंथालयात नसेल, तर लेखकाला पोस्टकार्ड पाठवून प्रत मागवायची किंवा पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) ग्रंथालयात जाऊन टिपणं काढायची. मग कार्डांचा गठ्ठा टायपिस्टकडे जाई. विज्ञानाच्या बहुतेक नियतकालिकांत संदर्भांना क्रमांक असतात. मजकुरात जो आधी येईल तो १, त्यानंतरचा २. गाइडनी शेवटच्या वाचनात चौदाव्या जागी एक संदर्भ घालायला सांगितला, की पुढचे सगळे आकडे सरकत. यादी पुन्हा टाइप करायची आणि मजकुरातला प्रत्येक आकडा शोधून खोडायचा. अशा एका दुरुस्तीत दोन-दोन दिवस जात.

पद्धती वेगवेगळ्या का, हा प्रश्न प्रत्येक नव्या संशोधकाला पडतो. मजकुरात लेखकाचं नाव आणि वर्ष देण्याची रीत हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांच्या १८८१च्या लेखापर्यंत मागे नेली जाते. वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक १९७८ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात जमले आणि हस्तलिखितांसाठी त्यांनी समान नियम ठरवले. तीच क्रमांकांची व्हँकुव्हर पद्धत. मानसशास्त्रज्ञांची एपीए पद्धत १९२९ची. प्रत्येक विषयानं आपल्या गरजेप्रमाणे घडी बसवली आणि प्रकाशकांनी तीत आपापले स्वल्पविराम घातले.

त्या स्वल्पविरामांचं महत्त्व कोल्हापूरच्याच उदाहरणावरून कळेल. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात पातळ थरांवर मोठं काम झालं. तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारून थर बसवणाऱ्या स्प्रे पायरोलिसिस तंत्रावर पी. एस. पाटील यांचा समीक्षालेख १९९९ साली ‘मटेरिअल्स केमिस्ट्री अँड फिजिक्स’मध्ये आला. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात आर. एस. माने आणि सी. डी. लोखंडे यांचा रासायनिक निक्षेपणावरचा लेख आला. काच आळीपाळीनं दोन द्रावणांत बुडवून थर वाढवण्याच्या ‘सिलार’ पद्धतीवर एच. एम. पठाण आणि लोखंडे यांनी २००४ साली ‘बुलेटिन ऑफ मटेरिअल्स सायन्स’मध्ये लिहिलं. महागडी यंत्रं नसलेल्या प्रयोगशाळेलाही जमतील अशा या पद्धती. म्हणून देशोदेशीच्या संशोधकांनी हे लेख वारंवार उद्धृत केले.

आता पाटील यांच्या लेखाचा संदर्भ पाहा. एल्सेव्हिअरच्या अनेक नियतकालिकांत तो असा लिहितात: पी. एस. पाटील, मटेर. केम. फिज. ५९ (१९९९) १८५. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीकडे तोच असा होतो: पी. एस. पाटील, मटेर. केम. फिज., १९९९, ५९, १८५. व्हँकुव्हरमध्ये आडनाव पुढे येतं, आद्याक्षरांतले पूर्णविराम जातात आणि लेखाचं शीर्षक द्यावं लागतं. तीन रूपं आहेत, पण माहिती एकच: ५९वा खंड, १९९९ साल, पान १८५. यातला एक आकडा चुकला की वाचक कोल्हापूरच्या लेखापर्यंत पोहोचत नाही.

डीटीपी आलं आणि फ्लॉपीवर प्रबंध मावू लागला. खाडाखोड संपली, तरी आकडे हातानंच बदलावे लागत. लेटेक या टंकजुळणीच्या प्रणालीवर काम करणाऱ्यांना १९८५पासून बिबटेक होतं, वर्डवाल्यांसाठी पुढे एंडनोट आलं. पण सर्वसामान्य विद्यार्थ्याच्या हाती खरं साधन आलं ते फुकट मिळणारं झोटेरो २००६ साली आणि त्यानंतर मेंडेली. संदर्भ एकदा साठवला की पद्धत निवडायची, यादी क्षणात तयार. एका नियतकालिकानं पेपर नाकारला तर दुसऱ्याच्या नियमांत यादी बसवणं काही मिनिटांचं काम झालं. २००० साली सुरू झालेल्या डीओआय क्रमांकामुळे लेखाला कायमचा पत्ता मिळाला. अनेक नियतकालिकं आता पहिल्या सबमिशनला कोणतीही एकसारखी पद्धत चालवून घेतात.

एक अडचण मात्र खास आपल्याकडची आहे. इथं पाटील, जाधव, पवार, कांबळे शेकड्यांनी. ‘एस. एस. पाटील’ या नावाचे किती संशोधक असतील, याला गणती नाही. त्यातच गुणपत्रिकेच्या सवयीनं कुणी ‘पाटील अमित सुरेश’ असं नाव भरलं की सॉफ्टवेअर शेवटचा शब्द आडनाव धरतं आणि पेपर वडिलांच्या नावावर जमा होतो. लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधिकांचं आधीचं काम वेगळ्याच व्यक्तीचं दिसतं. २०१२पासून मिळणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक यावरचा उपाय आहे. तो फुकट आहे आणि पहिल्या पेपरआधीच काढावा.

सोयीबरोबर उसनवारीही वाढली. दुसऱ्याच्या यादीतला संदर्भ, मूळ लेख न उघडता, तसाच उचलायचा. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सिमकिन आणि रॉयचौधुरी यांनी २००३ साली एका गाजलेल्या लेखाचे संदर्भ तपासले. त्यांत छपाईच्या १९६ चुका सापडल्या, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. एक चूक तर ७८ वेळा जशीच्या तशी आलेली. त्यांचा अंदाज असा, की उद्धृत करणाऱ्यांपैकी सुमारे वीस टक्क्यांनीच मूळ लेख वाचला असावा. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि हा धोका आणखी वाढला. नियतकालिक खरं, लेखक ओळखीचा, खंड आणि पानही नीटनेटकं, पण असा लेख मुळात अस्तित्वातच नाही, असे त्यानं रचलेले संदर्भ आता हस्तलिखितांत दिसतात. पूर्वी वेडावाकडा संदर्भ पाहून शंका तरी येई. आता खोट्या संदर्भाचीही मांडणी अचूक असते.

यूजीसीनं २०१९च्या अखेरीस पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सक्तीचा केला, हे योग्यच झालं. त्यात संदर्भ तपासण्याचं प्रात्यक्षिक प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घ्यायला हवं. मांडणीचं ओझं यंत्रानं उचललं, याचा आनंदच आहे. वाचलेला वेळ मूळ लेख वाचण्यात घालवला, तरच त्या सोयीचं सार्थक. म्हणून पेपर पाठवण्याआधी यादीतला प्रत्येक डीओआय स्वतः उघडा, लेखकांची नावं आणि पान जुळवा, आणि ज्या वाक्याला तो संदर्भ जोडलाय ते खरोखर त्या लेखात आहे का, हे पाहा. जो लेख वाचलेला नाही, तो यादीत ठेवू नका.